‘द वायर’चा शेवटचा सीझन आणि आमचं भित्तिपत्र: प्रकल्प नोंदी

रविवार, १ जून

प्रकल्प ठरला. जागा बेळगावात टिळकवाडीतल्या एका वाचनालयाची मागची खोली. मंडळी: पत्रकारिता शिकणारी चार-पाच मुलं, खानापूर आणि निपाणीकडचे दोन तालुका वार्ताहर, वडगावच्या मागवाल्याचा पदवीधर मुलगा, आणि जिल्हा पानावर आयुष्य घालवलेला मी. दर रविवारी ‘द वायर’ या अमेरिकन मालिकेच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या सीझनचा भाग बघायचा, आठवडाभरात त्यावरून इथल्या शहरात काहीतरी शोधायचं आणि शेवटी एक भित्तिपत्र लावायचं.

पहिले चार सीझन सोडून थेट शेवटाला का, असं निपाणीकर विचारत होते. चारही चांगलेच आहेत. पण पाचव्यात कॅमेरा वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरतो आणि आमचं काम तिथंच आहे. मागचे संदर्भ मी एका कागदावर मराठीत लिहून देणार आहे, नाहीतर पोरं नावांतच अडकतील.

ही मालिका एचबीओनं २००२ ते २००८ या काळात दाखवली. पाच सीझन, साठ भाग. निर्माता डेव्हिड सायमन स्वतः ‘बाल्टिमोर सन’ या वर्तमानपत्रात पोलीस बातमीदार होता आणि १९९५ मध्ये बाहेर पडला. त्याचा साथीदार एड बर्न्स आधी खुनाच्या तपासातला पोलीस, मग शाळामास्तर. रस्ता, पोलीस ठाणं, वर्ग आणि बातमीचं टेबल या सगळ्याला हात लागलेली ही दोन माणसं. म्हणून ही मालिका गुन्ह्याची असूनही तिच्यात गुन्हेगारापेक्षा शहर मोठं दिसतं.

बाल्टिमोर सहा लाखांच्या आसपासचं शहर, बेळगाव पाच लाखांच्या आतबाहेर. आकार जवळचा, बाकी फार वेगळं. तिथं एकट्या २००७ मध्ये २८२ खून झाले. मुलांना आजच सांगितलं, आपण इथं टोळ्या शोधायला निघालेलो नाही.

रविवार, ८ जून

पहिला भाग. सुरुवातीला पोलीस एका पोराचा हात झेरॉक्स मशीनवर ठेवून त्याला ते खोटं पकडणारं यंत्र असल्याचं पटवतात. आतून आधीच छापून ठेवलेला कागद बाहेर येतो आणि पोरगं कबुली देऊन मोकळं होतं. खोलीत हशा पिकला. हसणं ओसरल्यावर खानापूरची मुलगी म्हणाली, “काका, कागदावर छापून आलं म्हणून खरं वाटलं की त्याला.” पहिल्याच दिवशी ती या सीझनच्या मर्मापाशी पोचली.

पोलिसांना ओव्हरटाइमचे पैसे नाहीत, गाड्या नादुरुस्त. महापौर कार्केटीनं राज्याची मदत नाकारली होती, शाळांची तूट शहराच्याच तिजोरीतून भरायची आणि त्यासाठी पोलीस खात्याला कात्री. पडीक घरांत सापडलेल्या बावीस मृतदेहांचा तपास गुंडाळला जातो. त्याच दिवसांत ‘सन’च्या कचेरीतही माणसं कमी करायचं चाललंय. पैसा आटला की दोन्हीकडं अनुभवी माणूस आधी जातो, आणि मालिका हे भाषण न करता दाखवते.

मला सगळ्यांत आवडलेला प्रसंग शहर संपादक गस हेन्सचा. नगर परिषदेच्या अजेंड्यातल्या एका जागेच्या व्यवहारावर त्याची नजर थांबते. समोरच्या माणसाचं नाव बघितल्यावर त्याला कळतं की हा अमली पदार्थांच्या धंद्यातला आहे आणि शहर त्याच्या फायद्याचा सौदा करतंय. बैठकीला बसलेल्या बातमीदाराच्या हातातही तोच कागद होता. बातमी कागदावरच होती, वाचणारा हवा होता.

बुधवार, ११ जून

पहिला गृहपाठ म्हणून महानगरपालिकेच्या जुन्या सभेचा अजेंडा आणला. तो कन्नडमध्ये, त्यामुळं निम्मी मुलं गप्प. वडगावचा पोरगा कन्नड माध्यमातून शिकलेला, त्यानं एकेक विषय वाचून मराठीत सांगितला. पालिकेचे कागद मराठीतही मिळावेत ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण बातमीदारानं तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. बेळगावात बातमीदारी करायची तर कन्नड वाचता आलंच पाहिजे. मराठी माणसाचा वॉर्ड, त्याची गटार, त्याची घरपट्टी त्याच कागदात असते.

एका गाळ्याच्या भाडेकराराच्या नूतनीकरणावर सगळे थांबले. भाडं किती होतं, किती होणार, मुदत किती, आधी कुणाच्या नावावर होता, शेजारच्या गाळ्याला काय दर. एवढे प्रश्न वहीत उतरवले. यात काही काळंबेरं असेलच असं नाही. पण प्रश्न कसे पडतात, ते आज हाताला लागलं.

रविवार, १५ जून

दुसरा भाग. यातले दोन प्रसंग पुन्हा लावून बघितले.

पहिला: बेसबॉल हंगामाच्या पहिल्या दिवशी स्कॉट टेम्पलटन नावाचा बातमीदार एक हृद्य गोष्ट घेऊन येतो. चाकाच्या खुर्चीतला मुलगा, शाळा चुकवून सामन्याला आलेला. मुलाचं पूर्ण नाव नाही, फोटोग्राफरला तो सापडत नाही, शोधायला कुठलाच धागा नाही. गसला खटकतं. वरच्या संपादकाला मात्र गोष्ट फार आवडते.

दुसरा: शाळांवरच्या मालिकेची बैठक. वरचा संपादक म्हणतो, विषय आटोपशीर ठेवा, वर्ग आणि मुलं एवढंच घ्या. गस म्हणतो की घर, गल्ली, कोपरे सगळं धरल्याशिवाय शाळा कळणार नाही. तो बैठकीत हरतो.

यावरून आमच्यात दोन नियम झाले. ज्याच्याशी बोललो त्याचं नाव, गल्ली आणि फोन नंबर वहीत असल्याशिवाय कुठलंही वाक्य भित्तिपत्रावर जाणार नाही. छापायचं नसलं तरी वहीत हवं. आणि विषय ‘आटोपशीर’ करण्यासाठी त्याची मुळं छाटायची नाहीत.

रविवार, २२ जून

पाऊस एवढा की गोवावेसपासून येणाऱ्यांच्या छत्र्या उलट्या झाल्या. तरी सगळे आले. खानापूरची मुलगी एसटीनं भिजत पोचली, तिला आधी चहा दिला.

तिसऱ्या भागात ‘सन’मधून माणसं पैसे देऊन घरी पाठवली जातात. त्यांत रॉजर ट्विग हा जुना पोलीस बातमीदार. त्याच्याकडं कुणाचंही नाव टाका, तो कागद न बघता त्या अधिकाऱ्याची कुंडली मांडतो. हे डोकं कचेरीतून निघून जाताना खोकी भरणं, निरोप, दारूचे दोन घोट एवढंच दिसतं. पण त्या दिवशी शहराची आठवण दाराबाहेर गेली, हे बघणाऱ्याला कळतं.

निपाणीचे वार्ताहर आज पहिल्यांदा भरभरून बोलले. त्यांना तंबाखूच्या बाजारातला प्रत्येक अडत्या, प्रत्येक हमालाची संघटना आणि त्यांच्यात कोण कुणाशी बोलत नाही हे पाठ आहे. त्यांना कॉलम सेंटीमीटरवर पैसे मिळतात. “डोक्यातलं कोण मोजतंय की,” म्हणाले. तालुका वार्ताहरावर जिल्ह्याचं पान चालतं आणि तालुका वार्ताहर दुकान, एजन्सी, शिकवण्या यांवर चालतो. मला यावर राग आहे, तो मी लपवला नाही. मुलांनी त्यांच्याकडून तंबाखू बाजाराची माहिती लिहून घ्यायची ठरवली. हे काम प्रकल्पात नव्हतं, आता आहे.

रविवार, २९ जून

चौथा भाग. प्रपोझिशन जोचा शेवट बघून सगळे सुन्न. घड्याळं दुरुस्त करणारा, वाटाघाटींवर विश्वास असलेला, अमली पदार्थांच्या धंद्यातला म्हातारा. भाच्यानं दगा दिला आणि मार्लो स्टॅनफील्ड या तरुण टोळीप्रमुखानं त्याला त्याच्याच घरात संपवलं.

नंतर मॅकनल्टीवरून जुंपली. मॅकनल्टी हा खुनांचा तपास करणारा पोलीस, तपासासाठी पैसे मिळत नाहीत म्हणून एक खुनीच कल्पून काढतो. बेघरांची नैसर्गिक कारणांनी मेलेली प्रेतं घ्यायची, त्यांच्यावर खुणा करायच्या, हे मालिका-खुन्याचं काम असल्याचं भासवायचं. आलेला पैसा लेस्टर फ्रीमन या सहकारी पोलिसाच्या हातून मार्लोच्या खऱ्या तपासाकडं वळवायचा. मुलांचं म्हणणं, एवढ्या खऱ्याखुऱ्या मालिकेत हे पटत नाही. अनेक समीक्षकही असंच म्हणतात.

माझं मत वेगळं. हा धागा जरा वरच्या पट्टीत लागलाय, हे मान्य. आधीच्या सीझनना बारा-तेरा भाग होते, याला दहाच, त्यामुळं घाई जाणवते. पण त्याची कारणसाखळी बघा. पडीक घरांतल्या बावीस खऱ्या प्रेतांसाठी तिजोरी उघडत नाही, कारण ती गरीब काळ्या पोरांची आहेत आणि त्यांची बातमी शिळी झाली. नसलेल्या खुन्यासाठी उघडते, कारण तो पहिल्या पानावर आहे. पोलिसाच्या खोट्याला पान हवं होतं आणि टेम्पलटनच्या पानाला खोटं हवं होतं. दोघं एकमेकांना ओळखूनही नव्हते, तरी एकमेकांचं काम करत राहिले. पुढं टेम्पलटन खुन्याचा फोन आपल्याला आल्याचं सांगतो तेव्हा ते खोटं आहे हे खोलीत त्याच्याशिवाय फक्त मॅकनल्टीला माहीत असतं, आणि त्याला बोलता येत नाही. या प्रसंगासाठी मी पटण्या-न पटण्याचा हिशेब सोडून द्यायला तयार आहे.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. बैठक नाही.

गुरुवार, १० जुलै

‘मुळं छाटायची नाहीत’ या नियमाप्रमाणे खासबागेतल्या एका मागावर गेलो. मागवाल्याचा मुलगा पुढं, आम्ही मागं. दारातून आत शिरलं की धोट्याच्या आवाजानं बोलणं बंदच होतं. मालकांनी माग थांबवला तेव्हा कान सुन्न झाले होते. त्या शांततेत त्यांच्या घरातल्या बाईंनी कांड्या भरायचं काम चालूच ठेवलं. बोटांनी तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, नख फिरवून गाठ दाबायची, पुन्हा चाक फिरवायचं. आमच्याकडं त्यांनी एकदाच बघितलं.

सूत व्यापाऱ्याचं, माग यांचा, मजुरी साडीवर. वीज गेली की मजुरी गेली. साडी दुकानात काय भावानं विकली जाते हे विचारल्यावर मालक म्हणाले, “ते आमच्या कानावर येत नाही बघा.” खानापूरच्या मुलीनं बाईंना नाव विचारलं. त्या हसल्या, नवऱ्याचं लिहा म्हणाल्या. तिनं हट्टानं त्यांचंच लिहून घेतलं, वहीत.

परत येताना चर्चा: विणकरांची बातमी आपल्याकडं कधी येते? मोर्चा निघाला की, निवेदन दिलं की, वाईट घडलं की. कांडी भरणाऱ्या हाताला बातमीत शिरायला वाट नाही.

रविवार, १३ जुलै

पाचवा, सहावा, सातवा भाग एका बैठकीत. मार्लोची माणसं फोनवर घड्याळांचे फोटो पाठवतात. त्या घड्याळांमागचा संकेत काय असेल, याचा तर्क लढवताना मुलं खुर्च्या पुढं ओढून बसली. तपासाचा कंटाळवाणा, चिवट भाग ही मालिका किती प्रेमानं दाखवते!

सिनेटर क्ले डेव्हिसचा खटला. पैसे खाल्ल्याचा आरोप असलेला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यातून सांगतो की मी ते आपल्याच गोरगरिबांना रोख वाटले, पावत्या कुठून आणू. ज्यूरी त्याला सोडते. निपाणीकर काही बोलले नाहीत, मान मात्र बराच वेळ हलत होती.

रविवार, २० जुलै

आठवा भाग. यावर जास्त लिहितो.

ओमर लिटल. धंदेवाल्यांना लुटणारा, सामान्य माणसाच्या वाटेला न जाणारा, तो गल्लीत शिरला की पोरं त्याचं नाव ओरडत पळणारी. मायकेल के. विल्यम्सनं ही भूमिका अशी केलीय की माणूस पाचही सीझन त्याची वाट बघतो. तो लंगडत एका कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जातो. दारातून एक लहानगा, केनार्ड, आत येतो. ओमर बघतो आणि पोरगं आहे म्हणून पाठ फिरवतो. गोळी डोक्यात. संगीत नाही, संथ गती नाही, शेवटचे शब्द नाहीत. पोराच्या तोंडावर घाबरल्यासारखा भाव, बस्स.

खोलीत कुणीतरी “आईगं” म्हणालं आणि मी तिथंच थांबवलं नाही, कारण आमचं काम पुढच्या दोन प्रसंगांत होतं.

‘सन’च्या कचेरीत रात्री पान सोडायची वेळ. उरलेल्या जागेत एकच छोटी बातमी बसते. एकीकडं घराला लागलेली आग, दुसरीकडं किराणा दुकानात गोळी लागून मेलेला एक माणूस. आग घेतली जाते. ज्या माणसाच्या नावाच्या दंतकथा पश्चिम बाल्टिमोरमध्ये चालतात, तो त्या शहराच्या वर्तमानपत्राला माहीतच नाही. निवडणाऱ्यांत कुणी वाईट माणूस नाही. बातमीदार अल्मा आणि संपादक गस या कचेरीतल्या सगळ्यांत सचोटीच्या व्यक्ती. जागा कमी होती आणि नाव ओळखीचं नव्हतं.

मग शवागार. ओमरच्या पिशवीवर चुकून शेजारच्या गोऱ्या मृताची चिठ्ठी लागलेली असते. तिथला कर्मचारी बघतो, दोन्ही चिठ्ठ्या अदलाबदल करतो आणि निघून जातो.

या सीझनवर बोलताना लोक टेम्पलटनच्या खोट्यावर बोलतात. ते ठळक दिसतं म्हणून. माझ्या मते सायमनचा खरा आरोप वेगळा आहे: जे छापलंच गेलं नाही त्याचा. महापौर गुन्ह्यांच्या आकड्यांशी कसा खेळतो, तपास का बंद पडला, प्रपोझिशन जो कोण होता, ओमर कोण होता, यांतलं काहीही त्या कचेरीपर्यंत पोचत नाही. खोटी बातमी पकडता येते, तिच्यावर खुलासा छापता येतो. न आलेल्या बातमीचा खुलासा कोण मागणार?

मंगळवार, २२ जुलै

मुलांनी स्थानिक मराठी पानं घेऊन फूटपट्टीनं मोजमाप केलं. सत्कार, वाढदिवस, निवेदनं, उद्घाटनं यांना किती कॉलम, आणि बाकी मजकुराला किती. आकडे लिहीत नाही, मोजणी अजून कच्ची आहे. पण एक बातमी सगळ्यांनी वर्तुळ करून ठेवली: इमारतीवरून पडून परगावच्या गवंडी कामगाराचा मृत्यू. तीन ओळी, नाव नाही. शेजारी चार कॉलमी सत्कार, व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या नावासकट.

इथं सीमाप्रश्नाचा विषय निघणारच होता. एक मुलगा म्हणाला, आपली निम्मी जागा तर त्यातच जाते. मी त्याला थांबवलं. १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात गेला, १९६७ चा महाजन अहवाल आपण नाकारला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. मराठी वर्तमानपत्रानं हे धरून ठेवलं नसतं तर कुणी धरलं असतं? १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची बातमी पहिल्या पानावरच हवी.

पण त्यानंही सोडलं नाही. म्हणाला, “व्हय सर, पण मोर्चात चालणारा माणूस दुसऱ्या दिवशी मागावर जातो, शेतात जातो. बळ्ळारी नाल्याचं पाणी त्याच्या भातात शिरलं तर ती पण मराठी माणसाचीच बातमी की.” याला माझ्याकडं विरोध नव्हता. भित्तिपत्राचा मथळा त्याच्या बोलण्यातूनच घ्यायचा असं ठरलं.

रविवार, २७ जुलै

नववा भाग. खोट्याचा सगळा डोलारा उघडा पडायला लागतो. भाग वेगवान आहे, चर्चा थोडीच झाली.

बबल्सवर मात्र थांबलो. व्यसनातून बाहेर आलेला, बहिणीच्या तळघरात राहणारा. फ्लेचर नावाचा बातमीदार त्याच्याबरोबर दिवसच्या दिवस फिरतो, घाई न करता, आणि पुढच्या, शेवटच्या भागात लिहिलेलं छापण्याआधी त्याला वाचायला देतो. छापायचं की नाही हे बबल्सनं ठरवायचं. साऱ्या सीझनमध्ये बातमीदारी कशी करावी याचा धडा असेल तर हा. खानापूरची मुलगी म्हणाली, कांड्या भरणाऱ्या अक्कांना आपण लिहिलेलं वाचून दाखवायचं. नक्की.

रविवार, ३ ऑगस्ट

शेवटचा भाग, दीड तासाहून मोठा. ९ मार्च २००८ ला दाखवला गेला. दिग्दर्शन क्लार्क जॉन्सनचं, जो गसची भूमिका करतो. २००२ मधल्या, मालिकेच्या अगदी पहिल्या भागाचंही त्यानंच केलं होतं.

हिशेब असा: टेम्पलटनला पुलित्झर. गस पुरावे घेऊन वर जातो, त्याची रवानगी प्रती तपासायच्या टेबलावर. त्याची बाजू घेणारी अल्मा दूरच्या कार्यालयात. कार्केटी राज्यपाल. आकडे वाकवायला नकार देणारा डॅनियल्स पोलीस खातं सोडून वकिली करतो. मार्लो सुटतो. डुकी हा चौथ्या सीझनमधला हुशार, मळक्या कपड्यांचा मुलगा सुई टोचून घ्यायला लागलेला. त्याचा मित्र मायकेल हातात बंदूक घेऊन ओमरच्या वाटेला. सिडनर हा तरुण पोलीस न्यायाधीशाच्या दारात, पूर्वी मॅकनल्टी जायचा तसा. जागा त्याच, माणसं नवी. आणि बबल्स पायऱ्या चढून बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर.

वडगावचा मुलगा डुकीवर फार वेळ बोलला. त्याच्या शाळेतली, मध्येच नाव कमी झालेली मुलं त्याला आठवली. ती कुठं आहेत हे कुणी विचारलंय का, असं त्याचं म्हणणं. भित्तिपत्रातला हा चौथा विषय. तो स्वतः लिहिणार.

गुरुवार, ७ ऑगस्ट

भित्तिपत्राचं पान लावलं. वरच्या बाजूला मथळा: ‘ही पण आपलीच बातमी’. डावीकडं गाळ्यांच्या भाडेकराराचे प्रश्न, अजेंड्यातल्या मूळ कन्नड ओळी आणि त्याखाली मराठी. मध्ये मागावरचा मजकूर, अक्कांना वाचून दाखवलेला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि नाव छापायला होकार दिला. उजवीकडं निपाणीच्या बाजाराची माहिती, वार्ताहरांच्या नावासह. गवंडी कामगाराच्या गावी फोन लागला, त्याच्या भावाशी बोलणं झालं. त्या तीन ओळींच्या जागी आता नाव, गाव, वय, कामाचं ठिकाण आणि मागं कोण आहे हे आहे.

शाळा सुटलेल्या मुलांचा मजकूर अजून आलेला नाही. वडगावच्या मुलाला तीन घरं गाठायची आहेत, पैकी एक कुटुंब गोव्याला कामाला गेलंय. त्याची जागा खाली उजव्या कोपऱ्यात मोकळी ठेवलीय. भरायला दुसरं काही मागू नका, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.